प्रयोग फसला, की कपाटातच होऊन गेला? पावसाळ्यात रासायनिक अभिक्रियेचे पुरावे का दिसत नाहीत

जुलैचा दुसरा आठवडा, दहावीचा वर्ग, पहिलाच धडा. चुनकळीवर पाणी ओतले की सूंऽ आवाज होतो, वाफ निघते, चंचुपात्राला हात लावला तर चटका बसतो, असे मी आधीच ऐटीत सांगून ठेवले होते. पाणी ओतले. पांढरी पूड ओली झाली. बस्स. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, कांयच जायना!’ आणि तरी तास संपल्यावर वह्या तपासल्या तर चाळीसपैकी पस्तीस जणांनी लिहिले होते, ‘भांडे गरम झाले.’ पुस्तकात तसेच आहे ना!

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षे विज्ञान शिकवते. हा प्रसंग एकदाचा नाही, दर पावसाळ्यातला आहे. कधी चुनकळी तापत नाही, कधी चुन्याची निवळी (चुना विरघळलेले नितळ पाणी) कार्बन डायऑक्साइड सोडूनही दुधाळ होत नाही, कधी खिळ्यावर तांबे चढत नाही. पहिली काही वर्षे मी पुरवठादाराला बोल लावला, मग मुलांच्या हाताला, मग स्वतःच्या नशिबाला. खरा चोर सापडला तो पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लाकडी कपाटात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या डोंगराकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चिऱ्यांची भिंत ओल पिते, कपाट भिंतीकडून ओल घेते, बाटल्या कपाटाकडून. मेच्या सुट्टीत बंद केलेले कपाट जूनमध्ये उघडावे, तर आत दोन-चार अभिक्रिया आमची वाट न पाहता उरकलेल्या असतात.

म्हणून पुरावा दिसला नाही तर ‘अभिक्रिया झाली नाही’ असे धरण्याआधी ‘ती आधीच होऊन गेली का’ हे पाहा.

चुनकळी तापत नाही

चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. तिला पाणी लागते, पण ते आपण ओतलेलेच असावे अशी तिची अट नाही. बरणीचे झाकण जरा तिरपे बसले असेल तर ती हवेतली ओल घेत घेत विरते. उष्णता तेव्हाही बाहेर पडते, फक्त महिनाभर, थोडी थोडी, कोणाला पत्ता न लागता. ढेकळांच्या जागी मऊ पूड झाली असेल आणि अर्धी भरलेली बरणी आता पाऊण भरल्यासारखी दिसत असेल, तर आतला चुना विरलेला आहे. अशा दोन बरण्या मी फुटलेल्याही पाहिल्यात. चुना फुगतो आणि काच हार मानते.

किती बिघडली ते दोन मिनिटांत कळते. काचेच्या बशीत चिमूटभर पूड घ्या, चार थेंब पाणी टाका. बशी खालून गरम लागली तर चुनकळी जिवंत आहे. नाही लागली तर दुसऱ्या चिमटीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब. फसफसली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून तिचा कार्बोनेट झाला आहे. न फसफसता गुपचूप विरघळली तर हायड्रॉक्साइड. बहुधा थोडे हे, थोडे ते असते.

परत भाजून घेऊ म्हणाल तर ते विसरा. कार्बोनेटचा ऑक्साइड व्हायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते. किनाऱ्याकडे शिंपल्या भाजून चुना करायचे ते भट्टीत. स्पिरिटच्या दिव्यावर ते काम होत नाही. विरलेली पूड मात्र फेकू नका, खाली निवळीसाठी तीच लागणार आहे.

नवी आणताना पूड न आणता ढेकळे आणावीत, थोडीच आणावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून ठेवावीत. डबा प्रयोगाच्या दिवशीच उघडायचा. आणि हा प्रयोग शिक्षकानेच करायचा, डोळ्यांना चष्मा लावून. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर काय होते हे पानवाल्यांच्या घरात विचारा.

आम्ल आणि अल्कली मिसळली, आणि नको तिथे बुडबुडे आले

एका वर्षी चुनकळी पूर्ण मेलेली होती, म्हणून उष्मादायी अभिक्रिया दाखवायला मी दुसरा मार्ग धरला. १ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर आणि तितकेच १ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही एकाच तापमानाला असतील तर मिसळल्यावर पारा ६ ते ७ अंशांनी चढायला हवा. थर्माकोलच्या पेल्यात केले तर मुलांना तो चढताना दिसतो.

आमचा चढला साडेचार अंश. त्यातच पहिल्या बाकावरच्या एका मुलीने निरीक्षणात लिहिले, ‘बारीक बुडबुडे आले, वायू बाहेर पडला.’ मी लाल पेनने काट मारली आणि शेजारी लिहिले, ‘उदासिनीकरणात क्षार व पाणी तयार होते. वायू नाही.’ ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, ‘टीचर, पण आले होते.’

मी बाटली काढून पाहिली. कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या, गोळ्या एकमेकांना चिकटून त्यांचा ढेपाळलेला गठ्ठा झाला होता, वर पांढरा चुरा. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतले पाणी इतके ओढते की उघड्या बशीतली गोळी पावसाळ्यात तासाभरात ओलीचिंब होते. ओल्या गोळीत मग कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि सोडियम कार्बोनेट तयार होतो. मी ४ ग्रॅम म्हणून जे तोलले होते त्यात काही ग्रॅम पाणी आणि कार्बोनेटच होते. म्हणून द्रावण ठरल्यापेक्षा पातळ, म्हणून पारा कमी चढला, आणि म्हणूनच बुडबुडे. आम्लाला कार्बोनेट मिळाले की वायू निघणारच.

मुलीने पुस्तकात नसलेले, पण डोळ्यासमोर घडलेले लिहिले होते. मी वही परत मागवली, काट खोडली आणि गुण दिले. तेव्हापासून कॉस्टिक सोड्याचे द्रावण केले की थोड्याशा द्रावणात आम्ल टाकून आधी पाहते. बुडबुडे आले तर बाटली बदलायची वेळ झाली. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे; काचेच्या बाटलीचे काचेचे बूच त्यात असे घट्ट बसते की शेवटी बाटलीच फोडावी लागते.

निवळी दुधाळ होत नाही

चुन्याची निवळी हा शाळेतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त रुसणारा पुरावा. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅकने श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखला तो हिनेच, म्हणजे हिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पण ती ताजी हवी.

२० अंशांना एक लिटर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते. म्हणून जास्त चुना घालून जास्त तीव्र निवळी होत नाही, नुसता गाळ वाढतो. पाणी गरम केले तर लवकर विरघळेल असे वाटते, इथे उलटे आहे: गरम पाण्यात ते आणखी कमी विरघळते. पानाचा चुना किंवा वरची विरलेली चुनकळी दोन चमचे, थंड पाणी एक लिटर, बाटली झाकून चांगली हलवायची आणि रात्रभर न हलवता ठेवायची. सकाळी वरचे नितळ पाणी अलगद दुसऱ्या बाटलीत काढायचे, बाटली गळ्यापर्यंत भरायची. अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड तिला खात बसतो. पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरला, सायीसारखा, तर तो कार्बोनेटच.

प्रयोगाआधी परीक्षानळीत थोडी निवळी घेऊन स्ट्रॉने हळू फुंका. ओढायचे नाही, फुंकायचे! हवेत हा वायू साधारण ०.०४ टक्के असतो, आपल्या उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट. निवळी चांगली असेल तर पाच-सहा फुंकरांत पांढुरकी होते. फुंकून होते पण नळीतून वायू सोडला तर होत नाही, असे असेल तर दोष निवळीत नाही, बुचात आहे. आमच्याकडची रबरी बुचे कडक होऊन भेगाळलेली असतात. बुचाभोवती साबणाचे पाणी लावा; फुगा आला की गळती सापडली.

आता अडचणीतली अडचण. निवळी दुधाळ झाली आणि पाहता पाहता परत स्वच्छ झाली. मूल मान वर करते तेव्हा नळीत पाण्यासारखे पाणी. याची कारणे दोन आणि ती वेगळी ओळखता येतात. वायू जास्त सोडला असेल तर कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट होते. अशी नळी दिव्यावर तापवली की पांढरेपणा परत येतो. पण शंकुपात्रात फसफस फार जोरात होऊन आम्लाचे तुषार नळीतून निवळीत आले असतील, तर आम्लाने कार्बोनेट खाऊन टाकलेले असते आणि कितीही तापवले तरी ते परत येत नाही. दुसऱ्या प्रकारात आम्ल थेंब थेंब सोडावे, पात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू नये.

संगमरवराचे तुकडे संपले असतील तर घरून तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, टरफले आणायला सांगा. गोव्यात हे साहित्य कधी कमी पडायचे नाही, सोमवारी तर मुबलक. फक्त उकळून, घासून आणा. एकदा न धुतलेली आली होती आणि त्या दिवशी ‘वास येणे’ हाही पुरावा सगळ्यांना मिळाला.

वायू निघाला म्हणजे अभिक्रिया झालीच का

इथे थोडे विषयांतर. म्हापशाच्या बाजारात लिंबू सोडा पिताना पाहिले असेल: ग्लासात मीठ पडले की सोडा फसफसून काठावर येतो. तो वायू निवळीत सोडला तर निवळी दुधाळही होते. मुले लगेच म्हणतात, मीठ आणि सोडा यांची अभिक्रिया झाली. झालेली नसते. वायू दाबाने आधीच पाण्यात कोंबलेला होता, मिठाच्या कणांवर बुडबुड्यांना धरायला जागा मिळाली आणि तो बाहेर पडला. मिठाऐवजी कोरडी वाळू टाकली तरी उसळतो. निवळी वायू कुठला ते सांगते, तो कसा आला ते सांगत नाही. हा प्रयोग मी आता खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या शेजारी मुद्दाम ठेवते. दोन्हीत थर्मामीटर घालायला लावते. सोडा-व्हिनेगरचे मिश्रण थंड होते, आणि ‘अभिक्रिया म्हणजे गरम’ हे डोक्यात घट्ट बसलेले असल्याने मुले थर्मामीटरच बिघडला म्हणतात.

खिळ्यावर तांबे चढत नाही, किंवा भलतेच काहीतरी चढते

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. पुस्तकातला सोपा प्रयोग, आणि बाजारातल्या खिळ्यांनी अवघड करून ठेवलेला.

हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत खिळे आणले तर त्यांवर जस्ताचा मुलामा असण्याची शक्यता मोठी. मग तांबे चढते ते काळपट, बुळबुळीत, स्पंजासारखे, आणि द्रावण हिरवट होण्याऐवजी नुसते फिके पडते, कारण लोखंड अजून मध्ये आलेलेच नसते. साधा काळा खिळा मागा. त्याला तेल असते, ते साबणाने धुवा, मग पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा.

उलटा धोका पावसाळ्यातला. घासून ठेवलेला ओला खिळा दुपारपर्यंत गंजतो आणि गंजाचा तांबूस रंग मुलांना तांबे वाटतो. दोन वर्षांपूर्वी एका गटाने खिळा चुकून साध्या पाण्यात बुडवला होता आणि तरी ‘तांब्याचा थर दिसला’ असे लिहिले. त्यांना मी रागावले नाही, उलट ती परीक्षानळी जपून ठेवली. आता प्रत्येक गटाला दोन नळ्या देते: एकीत मोरचूद, दुसरीत साधे पाणी, दोन्हींत एकाच पाकिटातला खिळा. गंज बोटाने पुसला तर तपकिरी पूड होऊन निघतो. तांब्यावर पॉलिश पेपर हलका फिरवला की गुलाबी चमक दिसते.

द्रावणाचा रंग फिका झालेला दिसत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा मोरचूद जास्त घातल्याची असते. गडद निळ्यातून थोडे गेले तर डोळ्याला काय कळणार? इतके फिके करा की नळीमागे धरलेल्या पानावरची अक्षरे वाचता येतील. त्यातले थोडे खिळा न घालता बाजूला ठेवा आणि वीस मिनिटांनी दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धरा. खिडकीजवळ धरा, जुलैत दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते आणि तिच्या उजेडात निळा-हिरवा भेद बुडतो.

हायड्रोजन ‘पॉप’ करत नाही

जस्तावर विरल आम्ल ओतून काढलेला हायड्रोजन पेटवला की ‘पॉप’ असा आवाज व्हायला हवा. बऱ्याचदा होतो, पण पत्र्यावरच्या पावसात ऐकूच येत नाही! त्यासाठी वायू साबणाच्या पाण्यात सोडा आणि बुडबुडा पात्रापासून दूर नेऊन पेटवा. आवाज बुडाला तरी ज्योत दिसते. खरोखरच वायू निघत नसेल तर जस्त जास्तच शुद्ध आहे किंवा आम्ल मेले आहे. शुद्ध जस्त विरल आम्लात आळसावून पडते. मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले की त्यावर तांबे बसते आणि बुडबुडे सुरू होतात. आम्लाचे म्हणाल तर संहत (तीव्र) हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली सैल बुचाची असेल तर त्यातला वायू उडून जातो, आणि लेबलावरच्या तीव्रतेवर विसंबून केलेले विरल आम्ल फारच विरल होते. आणि नळीत हवा अजिबात नसेल तर हायड्रोजन आवाज न करता शांतपणे जळतो, तेही अपयश नव्हे. मॅग्नेशियमची फीत काळवंडली असेल तर घासा, बाकी तिला काही होत नाही.

काहीच मिसळले नाही तरी पाणी गढूळ

सिल्व्हर नायट्रेट नळाच्या पाण्यात विरघळवले की लगेच पांढुरके. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच आणि चांदीशी त्याचा पांढरा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) होतो; किनाऱ्याजवळच्या विहिरींत उन्हाळ्यात पाणी मचूळ लागण्याइतके असते. पागोळीचे पाणी धरून काम भागवायचा मोह आवरा; समुद्राजवळच्या पावसातही मीठ येते. बॅटरीत घालायचे पाणी आणा, आणि तेही आधी एका थेंबाने तपासा. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइडचा पिवळा अवक्षेप मुलांना आवडतो, पण शिसे विषारी आहे. मी ते स्वतःच्या टेबलावर एकदाच दाखवते. मुलांच्या हातात कॅल्शियम क्लोराइड आणि धुण्याचा सोडा देते. अवक्षेप पांढराच येतो, पण बेसिनमध्ये ओतताना जीव खालीवर होत नाही.

कपाटाची झडती

ज्या दिवशी मूळ सापडले तो दिवस आठवतो. लॅब सांभाळणारे आमचे भाई बाटल्या पुसत होते. त्यांनी बोट फिरवले तर काचेवर रेघ उमटली, जणू कोणी पावडर शिंपडली होती. ‘टीचर, काल पुसलेल्या, आज परत.’ वरच्या खणात हायड्रोक्लोरिक आम्ल, खालच्या खणात अमोनिया, दोन्हींची बुचे सैल. दोघांच्या वाफा कपाटात भेटत होत्या आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) होऊन बाटल्यांवर बसत होत्या. त्याच खणातला निळा लिटमस न वापरताच गुलाबी झालेला, खिळ्यांचे पाकीट गंजलेले, तापवून पांढरे करून ठेवलेले मोरचूद हवेतले पाणी घेऊन पुन्हा निळे. मुलांना जे पुरावे दाखवायचे होते ते सगळे आत, ओळीने मांडलेले. पुढच्या तासाला वर्ग कपाटासमोरच उभा केला.

आता आम्ल आणि अमोनिया वेगवेगळ्या भिंतींना, खालच्या खणात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये असतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. लिटमस, फीत आणि खिळे घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. ती गुलाबी झाली की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परत निळी करायची (तवा शाळेचाच, घरचा नव्हे). प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख. लिटमस अगदीच संपला तर आवारात दासवण (जास्वंद) फुललेली असतेच. पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की आम्लात गडद गुलाबी, अल्कलीत हिरवी.

हिराकसाचे (फेरस सल्फेटचे) मात्र अजून जमलेले नाही. हिरवे स्फटिक ऑगस्टपर्यंत कडेने पिवळट-तपकिरी होतातच, द्रावण तर रातोरात. थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल आणि एक स्वच्छ खिळा घातला की द्रावण दिवस-दोन दिवस हिरवे राहते, स्फटिकांवर तो इलाज चालत नाही. म्हणून हिराकस तापवण्याचा प्रयोग मी दिवाळीनंतर ढकलला आहे आणि बाटली १०० ग्रॅमचीच मागवते.